तीन नंबरच्या व्हॉल्व्हवरचा संसार

बोरकेरी ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक आहे. पदाचं नाव भारदस्त आहे, काम एवढंच की वरून आलेला तक्ता भरायचा आणि परत वर पाठवायचा. सोलापुरातून रोज वडापच्या जीपने येते, दाटीवाटीत एक मांडी आत आणि एक बाहेर अशी बसून, आणि दिवसभर टाइप करते. आठ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा टाइप केलेला शब्द ‘निरंक’. पर्यटनस्थळे? निरंक. मत्स्यबीज केंद्रे? निरंक. तक्रारी? निरंक. तक्रारी खरं तर दर सोमवारी येतात, माळवस्तीच्या रंभाबाई स्वतः चालत येऊन करतात आणि अख्ख्या गावाला ऐकू जातील अशा करतात. पण त्या तोंडी असतात आणि तक्त्यात तोंडाला रकाना नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये जैवविविधता नोंदवहीचं काम आलं. गावात कोणती झाडं आहेत, कोणते पक्षी, किडे, गवतं, हे गावानंच लिहून ठेवायचं असतं, आणि ते ग्रामसभेत वाचून मंजूर करायचं असतं. आमचं नशीब थोर, कुठल्याशा संस्थेनं आमची वही आधीच भरून पेनड्राइव्हवर दिली होती. उघडून बघते तर बोरकेरीत फणस, सुपारी, खारफुटी आणि अकरा जातींचे खेकडे! आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं. कुठल्यातरी समुद्रकाठच्या गावाची वही उचलून वर फक्त आमचं नाव घातलं होतं. मी खेकडे काढले, समुद्र काढला, आणि मोकळ्या झालेल्या जागी निरंक भरत सुटले. ‘अळंबी व इतर बुरशी’ या रकान्यावर आले तेव्हा हजेरीची सही करायला पंचाक्षरीमामा आले.

पंचाक्षरी हिरेमठ हे आमच्या गावाला पाणी सोडतात. पन्नाशी उलटलेली, कपाळाला विभूती, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी आणि विजार गुडघ्यापर्यंत कायम ओली. दुष्काळी गावात ज्याचे पाय ओले असतात त्याच्यावर लोक आपोआप डूख धरतात, त्यामुळे मामांशी प्रेमानं बोलणारं गावात कुणी नाही. मामाही काही साधू नाहीत. सहाला पाणी सोडलं म्हणून लिहितात तेव्हा साडेसहा झालेले असतात, आणि मोटारीच्या खोलीत दुपारी जे घोरणं ऐकू येतं ते मोटारीचं नसतं.

त्या दिवशी सही करता करता त्यांनी पडद्याकडे बघितलं.

“निरंक म्हंजे?”

“काही नाही म्हणजे. आपल्या गावात बुरशी नाही, अळंबी नाही.”

“कोन म्हणलं?”

“कुणी म्हणायला कशाला हवं मामा? सगळी गावं तेच लिहितात.”

मामांचं तोंड असं झालं की जणू मी त्यांच्या लेकीला नाव ठेवलं. तडक गेले आणि पाणी सोडण्याच्या नोंदींची वही घेऊन आले. तारीख, व्हॉल्व्ह नंबर, सुरू, बंद, शेरा, असे पाच रकाने. पहिले चार सगळ्यांचे असतात तसे. पाचव्यात बारीक अक्षरात खच्चून मजकूर. “१४ जुलै २०२३. दोन नंबर चेंबर. पांढऱ्या छत्र्या सतरा. खाली घडी घातल्यागत पानं. वास काकडीचा. दुपारी काळं पाणी झालं.” मी मागची पानं उलटली, मागच्या वह्या मागवल्या. २०१३ पासून अकरा वर्षं गावाच्या पाण्याच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात हा माणूस कुत्र्याच्या छत्र्या लिहीत होता, आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी ग्रामसेवकांनी ‘तपासले’ लिहून खाली सही ठोकली होती. हल्ली ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. आमचे भाऊसाहेब अभिमन्यू साठे. त्यांच्याकडे तीन गावं आहेत, त्यामुळे ते कायम उरलेल्या दोन गावांत असतात.

मी विचारलं, “मामा, हे वेड कुठून लागलं?”

“वेड न्हाय, राग,” मामा म्हणाले. “गुरम्मानं एकदा शिजवलं हुतं.”

गुरम्मा म्हणजे मामी. २०१३ च्या पावसाळ्यात टाकीखाली पांढरीशुभ्र टपोरी छत्री उगवली. मामांना वाटलं वारुळावरची खायची अळंबी, ती पोरपणी खाल्लेली. मामीनं मसाला वाटून झणझणीत रस्सा केला. दोघं दोन दिवस आलटून पालटून परसाकडे पळत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी उभं राहता आलं तेव्हा मामा काठी टेकत टाकीखाली गेले, तसलीच एक छत्री आणली आणि कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकली. सकाळी कागदावर हिरवट ठसा. वारुळावरचीचा ठसा फिका गुलाबी पडतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणाले, “पीठ चाळल्यावर खाली काय पडतंय त्येच्यावरनं बाई जात्याला बोलती का न्हाय? तसंच बघितलं.” त्या दिवसापासून दिसेल त्या छत्रीचा ठसा घ्यायचा आणि लिहून ठेवायचं, म्हणजे पुन्हा कधी मामीचे टोमणे ऐकायला नकोत. टोमणे अजून चालू आहेत ते सोडा.

मी तो निरंक पुसला. आठ वर्षांत पहिल्यांदा पुसला आणि खरं सांगते, मजा आली.

मग जुलै ते सप्टेंबर आम्ही तेच केलं. सकाळी वडापमधून उतरले की मी मामांबरोबर पाइपलाइनच्या कडेनं चालायची. माझ्या मोबाइलवर फोटो, मामांच्या टेपनं माप, पावतीपुस्तकातल्या काळ्या कार्बनवर ठसा. सोलापूरच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या आरोही मॅडमना मी फोटो पाठवायची. त्या नाव पाठवायच्या, किंवा “कूळ कळतंय, जात नाही” असं प्रामाणिकपणे सांगायच्या. त्यांची अट एकच: प्रत्येक नोंदीला नेमकं ठिकाण आणि तारीख हवी. ते नसेल तर ती नोंद नाही, नुसती गप्प आहे.

स्थानिक नावाच्या रकान्यात मात्र घोळ झाला. मराठीत सगळ्यांना कुत्र्याची छत्री. मामांच्या कन्नडात नायिकोडे, म्हणजे पुन्हा कुत्र्याचीच छत्री. आमच्या घरी अम्मी म्हणते सांप की छत्री. तीन भाषा मिळून एकाही माणसाची छत्री नाही. तेव्हा मामांनी स्वतःच नावं ठेवलेली होती आणि ती मी जशीच्या तशी घातली. शेवग्याच्या खोडाला चिकटलेली तपकिरी, लिबलिबीत ती ‘सासूचा कान’. चिंचेच्या बुडख्यावर वर्षानुवर्षं बसलेली लाकडासारखी टणक ती ‘बिराजदारांची बैठक’, कारण सरपंच ईश्वरप्पा बिराजदार पारावरून तसेच हलत नाहीत. वारुळावर येणारा उंच, बाहेरून पांढराधोप आणि फोडला की आत काळी पूड तो ‘उमेदवार’. आणि दोन नंबर चेंबरजवळची, सकाळी छान उभी असते, बारा वाजले की विरघळून शाई होते, ती ‘भाऊसाहेब’.

सप्टेंबरअखेर एक्केचाळीस प्रकार झाले. आरोही मॅडमचा फोन आला, एवढ्या कोरड्या गावातून एवढी मोठी यादी त्यांनी पाहिली नव्हती. मामा ऐकून नुसतं “हं” म्हणाले आणि बाहेर जाऊन उगीचच चावीला ग्रीस लावत बसले.

घोटाळा मला टाइप करताना कळला. ठिकाणाचा रकाना वरून खाली वाचला: दोन नंबर चेंबर, पाच नंबर जोड, शाळेमागचा वाकडा पाइप, टाकीचा तळ, तीन नंबर व्हॉल्व्ह, तीन नंबर व्हॉल्व्ह, तीन नंबर व्हॉल्व्ह. एक्केचाळीसपैकी एकोणतीस ठिकाणी पाणी गळत होतं. आमच्या माळावर बुरशीला दुसरी ओल मिळणार कुठून? मी बुरशीची यादी करत नव्हते, गावाच्या पाइपलाइनच्या गळतीचा अकरा वर्षांचा पंचनामा करत होते. आणि तो लिहिला होता गळती काढणं ज्यांचं काम, त्या मामांनीच.

भाऊसाहेबांना मी दाखवलं. ते त्या दिवशी चुकून आमच्या गावात होते. त्यांनी वाचलं, दोनदा चष्मा पुसला आणि सरपंचांना बोलावलं.

ईश्वरप्पा म्हणाले, “ठिकान काडून टाका की. ‘गाव परिसर’ लिवा. कुनाला काय कळतंय.”

“ठिकाण काढलं तर मॅडम म्हणतात नोंदच राहत नाही,” मी म्हणाले.

“आन ठेवलं तर पंचप्पा ऱ्हात न्हाय,” ईश्वरप्पा म्हणाले. “सभेत लोक इचारतील, गळत हुतं तर ह्यो काय करत हुता? मला त्येला काडावा लागंल. बघा बाबा, तुमीच ठरवा.”

मामा दारात उभे होते. मी त्यांची बाजू घ्यायची म्हणून तावातावानं म्हणाले की मामांनी गळतीचे अर्ज दिलेत, माझ्या फायलीत सहा अर्ज आहेत, गळती थांबवायला पॅकिंग मागितलेलं आहे, तुम्हीच आणलं नाहीत. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “रशीदाताई, जरा चला माज्यासंगं.”

तीन नंबरचा व्हॉल्व्ह माळवस्तीच्या वाटेवर आहे. फुटक्या फरशीखाली चेंबर, त्यात गळणाऱ्या पाइपला मामांनी पूर्वी कधीतरी गोणपाट गुंडाळून सुतळी बांधलेली. मामा पालथे पडले आणि मलाही पडायला लावलं. कुजक्या गोणपाटावर करंगळीच्या नखाएवढे करडे पेले उगवले होते, पन्नास तरी. प्रत्येक पेल्यात चार-पाच चपटी, चकचकीत अंडी. वरून थेंब पडला, टप, आणि एका पेल्यातलं अंडं उडून हातभर लांब जाऊन चिकटलं. पुन्हा थेंब, पुन्हा एक अंडं. मी ओरडलेच.

“चिमनीचा संसार म्हनतो मी ह्येला,” मामा म्हणाले. “थेंब पडला तरच पिल्लं भाईर जात्यात.”

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मग मामा उठून बसले, चिखल झटकला आणि म्हणाले, “दोन हजार एकोनीसला पॅकिंग आलं हुतं. भाऊसाहेबांनीच आनलं. बाकीच्यांचं न्हाय, पन ह्या वॉलचं आलं. माज्या ट्रंकेत हाय. मी बसवलं न्हाय.”

“का?”

त्यांनी पेल्यांकडे बोट केलं आणि लगेच मागे घेतलं.

मला इतका राग आला की काय सांगू. त्या व्हॉल्व्हच्या पुढे फक्त माळवस्ती आहे, बावीस घरं. त्यांना चार दिवसांनी म्हणून जे पाणी येतं ते करंगळीएवढं, आणि शेवटच्या नळाला कधी येतं, कधी नुसती हवा येते. शेवटचा नळ रंभाबाईंचा. पासष्टीची बाई, गुडघे गेलेले, दर सोमवारी येऊन माझ्या टेबलावर हात आपटते आणि मी तिला म्हणते, “मावशी, प्रेशर कमी आहे, त्याला आपण काय करणार.” पाच वर्षं मी तिला हे सांगत होते. प्रेशर इथं पेल्यातली अंडी उडवत होतं. मी मामांना नको नको ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “लई शोभिवंत हुतं ओ.” मी परत निघून आले.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा. मी भित्री बाई आहे, मी दोन प्रती छापल्या होत्या. एकीत ठिकाणं होती, दुसरीत सगळीकडे ‘गाव परिसर’. दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि मामांना म्हटलं, तुमची वही आहे, वाचा तुम्हीच. नोकरी गेली तर मामांना दुसरं काम कुठं मिळणार, हे मला ठाऊक होतं. गुरम्मामामी बायकांच्या पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांनाही ठाऊक होतं. मामांनी दोन्ही प्रती चाळल्या, ‘गाव परिसर’वाली घडी करून खिशात घातली आणि दुसरी वाचायला घेतली.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. सासूच्या कानाला बायका हसल्या. ‘भाऊसाहेब’ आणि त्याचे गुणधर्म वाचले तेव्हा सभा इतकी खिदळली की खऱ्या भाऊसाहेबांनी मोबाइल कानाला लावून बाहेरचा रस्ता धरला. बिराजदारांच्या बैठकीला तर टाळ्या पडल्या. ईश्वरप्पा हसले नाहीत, पण हललेही नाहीत. मामा थांबत थांबत वाचत होते, ठिकाण आणि तारखेसकट. दहाव्या-बाराव्या नोंदीला कुणीतरी मागून म्हणालं, “आयला, समदं वॉलपाशीच कसं काय?” हसू कमी होत गेलं. एकतिसावी नोंद आली.

“चिमनीचा संसार. ठिकान, तीन नंबर वॉल. पैली नोंद, सोळा जुलै दोन हजार एकोनीस.” मामा थांबले. पुढचं कागदावर नव्हतं. “वॉल गळतोय म्हनून ते जगलं. पॅकिंग माज्यापाशी हुतं. मी मुद्दाम बसवलं न्हाय.”

रंभाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मला वाटलं आता चप्पल निघणार. त्या नेहमीपेक्षा हळू बोलल्या, आणि त्यांना हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“पंचाक्षरी, तुज्या वहीत त्या छत्र्यांची तारीख हाय. सकाळ हाय, दुपार हाय. वास कसला येतोय त्ये बी हाय. व्हय का न्हाय?”

“व्हय.”

“नळाला पानी आलं न्हाय म्हनून मी कितींदा रिकामी घागर घिऊन पाटलाच्या हिरीवर गेले, त्येची तारीख कुटं हाय? काड बघू.”

मामांनी बरोबर आणलेल्या पाण्याच्या वह्यांची पानं खरंच उलटली. मला ते बघवेना. काही सापडणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी ते एकेक पान उलटत गेले, २०२४, २०२३, २०२२, आणि सगळं गाव बघत बसलं.

“न्हाय लिवली,” ते म्हणाले. “मी कवा लाइनीच्या शेवटापतूर आलोच न्हाय, रंभाक्का.”

“मग कसला रं तू लिवनारा,” रंभाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मामांना काढायचा ठराव ईश्वरप्पांनी मांडला. मग कुणीतरी विचारलं की उद्या पाणी कोण सोडणार? कोणता व्हॉल्व्ह उजवीकडे फिरतो, कोणता डावीकडे, कोणता फिरवायचाच नसतो, हे मामांशिवाय गावात कुणालाच माहीत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. तो अजून तहकूब आहे. पण मामांच्या कानावर ते गेलंच नव्हतं, ते सभेतून उठून घरी गेले होते. ट्रंकेतलं पॅकिंग काढून दुपारी चारपर्यंत त्यांनी तीन नंबरला बसवलं, गोणपाट ओरबाडून काढला. पुढच्या पाळीला माळवस्तीला असं पाणी गेलं की दोन नळांच्या तोट्या उडाल्या.

पंधरा दिवसांनी मामा ऑफिसात आले. नोंदवही वर पाठवायच्या आधी एकतिसाव्या नोंदीत भर घालायची म्हणाले. मी टाइप करायला बसले.

“लिवा. आता आडळत न्हाय. कारन, गळती काडली. पाच वर्सं उशिरा.”

भाऊसाहेब मागे उभे होते. म्हणाले, “‘पाच वर्षं उशिरा’ काढा. सरकारी नोंदवहीत असं लिहीत नाहीत.” मी हो म्हणाले आणि ते तिसऱ्या गावाला गेल्यावर तसंच ठेवून वही पाठवून दिली.

मामा आता पाणी सोडलं की तीन किलोमीटर चालत लाइनीच्या शेवटी जातात. पाण्याच्या वहीतला शेऱ्याचा रकाना त्यांनी पट्टीनं रेघ मारून दोन भागांत केलाय. डावीकडे छत्र्या, त्या आता फार कमी दिसतात. उजवीकडची पहिली नोंद मी माझ्या मोबाइलमध्ये काढून ठेवली आहे: “२३ ऑक्टोबर. सकाळी सव्वासात. शेवटचा नळ. रंभाबाई. सहा घागरी भरल्या. शिव्या तीन.”